दोन हिसके

४ जून

चि. भिंगरी,

आठ वर्षांनी लिहितोय. या नावानं हाक मारायचा हक्क उरलाय की नाही, मला माहीत नाही. पाकिटावर तुझं कागदोपत्री नाव घातलंय, आत मात्र हेच येतंय. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस.

मुद्द्याचं आधी. तुझी आई तुझ्याकडे आली आहे का? हो किंवा नाही, एवढंच कळव. जास्त लिहू नकोस, लिहावंसं वाटणारही नाही तुला.

सोमवारी सकाळी साडेदहाला मी पेन्शनच्या कचेरीत गेलो होतो. आपण जिवंत आहोत हे तिथे स्वतः जाऊन दाखवावं लागतं. परत आलो तेव्हा पाऊण वाजला होता. दाराला कुलूप मी लावलं होतं तसंच होतं. उघडून आत गेलो, सवयीनं चहा मागितला. उत्तर नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळं बघून झालं. पलंगाखालीही बघितलं, आता लिहिताना लाज वाटते. खिडक्यांचे गज जागच्या जागी. गॅस बंद, दुधावर झाकण, ओटा पुसलेला. नाहीशा झालेल्या वस्तू: निळी पिशवी, कपड्यांचे तीन जोड, चपला, चष्मा. चष्म्याचं घर राहिलंय. चिठ्ठी वगैरे काही नाही.

पोलिसांत गेलो नाही. एकतीस वर्षं तुरुंगात शिपाई म्हणून काढलेल्या माणसानं चौकीत जाऊन काय सांगायचं, बायको पळाली म्हणून? माझ्या पाळीत एकही कैदी गेला नाही, हे तुलाही पाठ असेल. जेवताना कितीदा ऐकवलंय.

कारण विचारशील तर काही नाही. भांडण झालं नव्हतं. हात तर मी जन्मात उगारला नाही, तू साक्षीदार आहेस. उलट जानेवारीत निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर घरात असतो, तिला सोबतच झाली.

उत्तर पाठव. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरतोय, हातात काही टिकत नाही. सकाळी दाढी अर्धीच करून बाहेर आलो आणि दुपारी आरशात बघितलं तेव्हा कळलं.

तुझा बाप

१२ जून

चि. भिंगरी,

चिठ्ठी मिळाली. आई तुझ्याकडे आहे आणि बरी आहे, हे वाचून मी खुर्चीत बसलो तो बराच वेळ उठलो नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा नीट जेवलो. त्याबद्दल तुझे उपकार आहेत आणि ते मी मानतो.

पण दुसरी ओळ लिहायची गरज नव्हती. 'दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आई आत होती, असंच तुम्ही लिहिलंय ना, बाबा?' हो, असंच लिहिलंय. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

तू इथे नाहीस, तुला काय माहीत. तुझी आई आता पूर्वीची राहिलेली नाही. फेब्रुवारीत तिनं दूध गॅसवर ठेवलं आणि ती खाली गेली. भांडं काळं झालं. कुठे गेली होतीस विचारलं, तर म्हणाली, जरा जाऊन आले. जरा म्हणजे कुठे? तर नुसतं हसली. पुन्हा आठवड्यानं तेच, दुपारी तीनला डोळा लागला माझा आणि उठून बघतो तर घर रिकामं. या वयात माणसं वाट चुकतात, हरवतात. मी काळजीनं कुलूप लावायला लागलो. मी बाहेर जाणार असलो तरच, आणि तेही तास-दोन तास. घरात असलो की कुलूप नाही, फक्त आतून कडी आणि कडीला छोटं कुलूप. त्याची किल्ली माझ्याकडे असायची कारण ती कुठेही ठेवून विसरते.

एक वेळापत्रक करून भिंतीवर लावलं होतं. उठणं, चहा, आंघोळ, जेवण, विश्रांती. तिला आवडलं होतं असं मला वाटतं, कारण ती काही बोलली नाही. संध्याकाळी सहाला मी गंमत म्हणून मोजणी घ्यायचो. तुरुंगात सहाला बराकी बंद करताना घेतात तशी. तिच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, 'एक.' मग वहीत लिहिल्यासारखं करायचं. पहिले काही दिवस हसायची ती.

आता मला एकच सांग. ती बाहेर पडली कशी? कुलूप शाबूत, कडी-कोयंडा शाबूत, गज शाबूत. रागानं विचारत नाहीये. हे मला आतून पोखरतंय. ज्यानं आयुष्यभर हेच काम केलं त्याच्या नाकाखालून एक साठीची बाई कुलपातून निघून जाते आणि कुलूप परत लागतं! तुझ्या वेळीही असंच झालं होतं, आणि कुलूपही हेच होतं. तेव्हा मी मनाची समजूत घातली की त्या दिवशी माझ्याच हातून कुलूप नीट बसलं नसेल. पण मी दोनदा ओढून बघतो. कुलूप लावलं की दोन हिसके. भरतीच्या पहिल्या दिवशी शिकवतात ते.

तिला म्हणावं, घरी ये. चष्म्याचं घर पाठवू का ते विचार.

तुझा बाप

२० जून

भिंगरी,

पाकीट फाडलं आणि किल्ली टेबलावर पडली. पितळी, ओबडधोबड, एका बाजूनं कानस जास्त लागलेली. मी ती ओळखली नाही. आपल्याच घरची किल्ली मला ओळखू आली नाही.

तुझं पत्र या वेळी चार पानांचं आहे. तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून झाल्यावर मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बरं झालं ऐकायला कोणी नव्हतं.

साबणाच्या वडीत किल्लीचा ठसा घेणारा तो कैदी आठवतोय मला. सुतारकामाच्या शाळेतला, बारीक, डोळ्यानं तिरळा. त्याची गोष्ट मी जेवताना सांगितली होती, तू सात-आठ वर्षांची असशील. वडी किती ओली हवी, किल्ली किती दाबायची, दोन्ही बाजू कशा घ्यायच्या, सगळं रंगवून सांगितलं. तू हसून हसून लोळलीस. तुझी आई वाढत होती, ऐकत होती. आम्ही कैद्यांसमोर एक शब्द काढत नाही, मोठे सावध! घरी मात्र मीच रोज धडे देत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

किल्ली माझ्या कमरेच्या दोरीला असायची. फक्त आंघोळीला जाताना खुंटीवर. आणि आता आठवतंय, आठ वर्षांपूर्वी, तू जायच्या थोडे दिवस आधी, एका सकाळी मी न्हाणीघरातून ओरडलो होतो की साबण कुठे गेला. तिनं दाराच्या फटीतून नवी वडी दिली. शांतपणे दिली.

वडी खालच्या शिवणवालीकडे गेली आणि तिनं किल्ली करून आणली, हे वाचून मी तडक खाली जाणार होतो. जिन्यात तीन पायऱ्या उतरलो आणि परत आलो. तिला काय बोलणार? आठ वर्षं तुझी आई दर मंगळवारी तिच्या दुकानातून तुला फोन करत होती, हेही मला तुझ्याकडूनच कळतंय. मी ड्यूटीवर असताना घरात दुसरंच घर चालू होतं आणि मला ताकास तूर लागू दिली नाही कोणी.

म्हणजे फेब्रुवारीपासून मी कुलूप लावून गेलो की ती खिडकीतून किल्ली खाली टाकायची, शिवणवाली वर येऊन उघडायची, आणि मी यायच्या आत दोघी सगळं जागच्या जागी करायच्या. मी चार महिने रिकाम्या घराला कुलूप लावत होतो. आणि वर येऊन विचारायचो, कंटाळली नाहीस ना?

यावर माझा एकच प्रश्न होता. किल्ली होती, येणंजाणं चालू होतं, तर मग गेली का? तो तू आधीच ओळखलास आणि शेवटच्या पानावर तिच्याच शब्दांत उत्तर दिलंस. ते मी इथे परत लिहून काढतो, म्हणजे मी वाचलं हे तुला कळेल. 'कुलपाचं मला काही नाही. घाबरट माणूस आहे, लावतो कुलूप, समजून घेतलं. पण लावून झाल्यावर ते दोन हिसके देतात. मी आत उभी असते आणि दार माझ्या तोंडासमोर दोनदा हलतं. ते आता ऐकवत नाही.'

मी नुसतं कुलूप बसलं की नाही ते बघत होतो, भिंगरी. त्यात तिच्याबद्दल काही नव्हतं.

१ जुलै

चि. भिंगरी,

मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस ते बरोबर केलंस. शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. ते का, ते आता सांगतो. जे घडलं ते अहवालासारखं लिहितो, मला दुसरं लिहिता येत नाही.

शुक्रवारी सकाळी मी शिवणवालीकडे गेलो. ती कापड बेतत होती, मान वर केली नाही. मी म्हणालो, माझं एक काम आहे. मला माझ्या घरात बंद करा आणि दोन तासांनी उघडा. तिनं कात्री खाली ठेवली. वेड लागलंय का म्हणून विचारेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, 'दोन तास म्हणजे दोन तास. मध्ये ओरडलात तर येणार नाही.' मी म्हटलं, मी एकतीस वर्षं तुरुंगात काढली आहेत. ती म्हणाली, 'किल्ली खिशात घेऊन.'

वर आलो. चपला काढल्या, खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. तिनं दार ओढलं, कुलूप लावलं. आणि मग दोन हिसके दिले.

मुद्दाम दिले की इतकी वर्षं जिन्यातून मला बघून तिलाही तीच सवय लागली, मी विचारलं नाही. दार माझ्या तोंडासमोर दोनदा हललं. पहिल्या हिसक्याला माझ्या मनात आलं, अगं मी आत आहे ना, बघतेस काय? दुसऱ्याला काही आलं नाही. खुर्ची मात्र मी वीतभर मागे ओढली. एवढासा आवाज आहे तो. तुरुंगात मी दिवसातून दोनशेदा केला असेल. पलीकडे माणूस उभा आहे हे मला माहीत असायचं, आणि माहीत नसायचं.

वीस मिनिटं मी बसलो. मग उगीच पाणी प्यायलो. मग खिडकीत गेलो. खालून भंगारवाला चालला होता, त्याच्याकडे माझं काही काम नव्हतं, तरी आत्ता खाली जाता येत नाही म्हणून जीव नुसता वरखाली झाला. पस्तिसाव्या मिनिटाला मी दार ओढून बघितलं. आतून. दोनदाच. पन्नासाव्या मिनिटाला हाक मारली. साधी, मोठी नाही. खाली शिवणयंत्र चालू होतं. पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. यंत्र थांबलं, मला वाटलं आली, आणि ते परत सुरू झालं. मग मी काय केलं ते तुला सांगायलाच हवं. मी दारावर थापा मारल्या. चांगल्या जोरात. तासाभरात ज्याची ही गत झाली, त्यानं आपल्या पोरीला सव्वीस दिवस मागच्या खोलीत ठेवलं होतं.

सव्वीसच. नातेवाइकांत मी 'चार-पाच दिवस समजावलं' असं सांगत आलो. आणि तुझ्या भल्यासाठी, लांब गावी एकटी मुलगी, हेही सांगत आलो. खरं असं की तुझ्या पाणीपरीक्षणाच्या नोकरीला महिनाअखेरपर्यंत हजर व्हायचं होतं, ते नेमणुकीचं पत्र मी आधी वाचलं होतं, आणि तारीख उलटली की आपोआप सगळं शांत होईल असा माझा हिशोब होता. मला तुझा राग नव्हता. फक्त तारीख जायची वाट बघत होतो. तुझ्या आईनं चार दिवस शिल्लक असताना दार उघडलं. शिस्तीत नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, वेळ अचूक साधली तिनं.

थापा मारून हात दुखला म्हणून मी मागच्या खोलीकडे गेलो, तुझ्या खोलीकडे. तिच्या दाराला पाठ लावून खाली बसलो, आणि मान वळवली तेव्हा डोक्याच्या उंचीवर तो डाग दिसला. तेलाचा. तू गेल्यावर मी ओरडलो होतो की दार तेलकट केलं कोणी, आणि रंग देऊन घेतला होता. दोनदा घेतला. तेलावर रंग धरत नाही, डाग वर आलाच आहे. सव्वीस दिवस मी ड्यूटीवर गेलो की तुझी आई इथे दाराला डोकं टेकून बसायची, हे मला शुक्रवारी कळलं. मग उठून दार उघडलं आणि आतल्या बाजूनं बघितलं. तिथेही आहे. तितक्याच उंचीवर, थोडा लहान.

मी त्या दोन डागांच्या मध्ये दार धरून उभा राहिलो आणि रडलो. शिवणवाली दोन तासांनी, मिनिटभर आधी नाही, वर आली. माझं तोंड बघितलं. पाण्याचा तांब्या भरून दिला आणि गेली.

पत्ता कुठून मिळाला तेही सांगून टाकतो. पाच वर्षांपूर्वी खात्यातल्या एकाला सांगून मी तुझा शोध काढला होता. दोनदा तुझ्या गावी येऊन कचेरीसमोर उभा राहून गेलोय. एकदा तू छत्री विसरून परत आत गेलीस. मी लांबूनच बघितलं. प्रेमानं आलो होतो असं मी स्वतःला सांगत होतो, पण खरं तर मोजणीच करून गेलो.

चुकलं माझं. याच्यापुढे 'पण' लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

बाबा

२० जुलै

चि. भिंगरी,

तुझं पत्र मिळालं, आणि त्यात खाली आईच्या हातच्या दोन ओळी होत्या. तिचं अक्षर मी किती वर्षांनी बघतोय, सामानाच्या यादीत तेवढं बघायचो. ती विचारते, 'आले तर दुपारी कुठे जाते ते विचारणार का?'

लगेच 'नाही' लिहायला बसलो होतो. मग पेन खाली ठेवलं. नाही म्हणणं सोपं आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हणून दहा दिवस स्वतःला तपासून बघितलं आणि आता खरं ते लिहितो. तिला वाचून दाखव.

बाहेरच्या दाराचा कोयंडा काढला. सुतारानं भोकं बुजवून दिली. तो विचारत होता, नवा कुठला बसवायचा? मी म्हटलं, कुठलाच नाही. आता फक्त आतली कडी आहे, कुलपाशिवाय, आत असेल त्यानं हवी तर लावावी. वेळापत्रक उतरवलं. कागदामागे भिंतीचा चौकोन पांढरा राहिलाय, तो दिसतो.

आणि पहिले चार दिवस मी घराबाहेर पडलो नाही. पडता येईना. कुलूप न लावता घर सोडून जायचं कसं? दार नुसतं ओढून जिना उतरायचो, कोपऱ्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. भाजी संपली तर दूध प्यायलो. बाहेरून कोणी बंद केलं नव्हतं, आत कोणाला बंद केलं नव्हतं, तरी मी अडकलेलाच. शिवणवाली खालून म्हणाली, 'चोर येऊन काय नेणार आहे, तुम्हाला?' पाचव्या दिवशी बाजारापर्यंत गेलो. काल तासभर बाहेर होतो. घरी आलो तर सगळं होतं तिथेच होतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर असं. जिभेवर प्रश्न येईल. तो यायचा थांबेल असं वचन मी देत नाही, तीस-चाळीस वर्षांची सवय आहे. पण तो आला की मी उठून पाणी पिईन. दुपारी फार पाणी प्यायला लागलो तर समजावं. आणि तिनं आपणहून सांगितलंच तर ऐकीन, न सांगितलं तरी चहा ठेवीन. चहा मला आता जमतो. पहिले दोन दिवस टाकून द्यावा लागला.

संध्याकाळी सहाला मात्र अजून तोंडात आकडा येतो. काल आला. 'एक.' खोलीत दुसरं कोणी नव्हतं. शिपाई मोजणीत स्वतःला कधी धरत नाही, आयुष्यात पहिल्यांदा तो एक मी होतो.

किल्ली परत पाठवतोय. तिची आहे. आता ती कुठल्याच कुलपाला लागत नाही, पण तिनं केली तशी किल्ली माझ्या एकतीस वर्षांत कोणाला साधली नव्हती. तिरळ्याची तर कुलपातच मोडली होती. त्या गोष्टीचा शेवट मी तुम्हाला सांगितला नव्हता, माझी मजा गेली असती.

एक मागणं आहे. ती येणार असेल तर कधी ते मला कळवू नका. दिवस नको, वेळ नको, गाडी नको. मी पुन्हा पत्र लिहून विचारलं तरी सांगू नका. कळलं तर मी स्टेशनवर तासभर आधी जाऊन उभा राहीन आणि गाडी उशिरा का आली म्हणून तिलाच विचारीन. यायची नसेल तर तेही कळवायची गरज नाही.

चष्म्याचं घर खिडकीत ठेवलंय, पाठवलं नाही. ते तेवढं राहू दे माझ्याकडे.

आता हे पत्र टाकायला जातो. दार नुसतं ओढून घेईन. आणि परत आलो की आधी वाजवीन, हल्ली रोजच वाजवतो. टक टक करतो, थोडं थांबतो, मग आत जातो. आत कोणी नसतं हे मला माहीत असतं. शिवणवाली खालून हसते, स्वतःच्याच घराचं दार कोणी वाजवतं का म्हणून. हसू दे. ज्या दिवशी आतून 'या' म्हणून आवाज येईल, त्या दिवशी मला आधी दार वाजवायची सवय झालेली असायला हवी.

बाबा